फोटो, पुरावा आणि काशाची थाळी

'पिक्सार' या अमेरिकी चित्रसंस्थेचा 'कोको' हा ॲनिमेशनपट २०१७ च्या ऑक्टोबरअखेरीस मेक्सिकोत आणि नोव्हेंबरात भारतासह इतर अनेक देशांत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ली अनक्रिच, सहदिग्दर्शक एड्रियन मोलिना. ४ मार्च २०१८ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट आणि सर्वोत्कृष्ट गीत असे दोन पुरस्कार मिळाले. आपल्याकडे तो 'मुलांना दाखवावा असा चित्रपट' म्हणून पाहिला गेला आणि विसरला गेला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सुरगाणा तालुक्यात मराठी शिकवत होतो. त्यामुळे असेल कदाचित, पण मला त्यात मुलांच्या मनोरंजनापेक्षा वेगळा प्रश्न दिसला. मेलेला माणूस जिवंतांच्या जगात टिकतो तो कशाच्या आधारावर? फोटोच्या, कागदाच्या की गाण्याच्या? या लेखात त्या प्रश्नाचा मागोवा सुरगाण्याच्या बाजूने घ्यायचा आहे.

फाटकावरचा नियम

चित्रपट न पाहिलेल्यांसाठी कथा थोडक्यात सांगतो. सांता सेसिलिया नावाच्या मेक्सिकन गावात जोडे शिवणाऱ्या रिवेरा कुटुंबात मिगेल हा बारा वर्षांचा मुलगा राहतो. या घरात गाणे-वाजवणे बंद आहे. कारण, चार पिढ्यांपूर्वी इमेल्दा या बाईचा नवरा गिटार घेऊन घराबाहेर पडला आणि परतला नाही. इमेल्दाने एकटीने जोड्यांचा धंदा उभा केला, लेक वाढवली आणि संगीताला घरातून हद्दपार केले. ती लेक म्हणजे कोको. आता ती मिगेलची पणजी आहे, चाकांच्या खुर्चीत बसलेली, बरेचसे विसरलेली.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला 'मृतांचा दिवस' पाळतात. घरात 'ओफ्रेंदा' नावाचे मृतांचे देव्हाऱ्यासारखे मांडण करतात. त्यावर फोटो, मेणबत्त्या, फुले आणि मृताच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. युनेस्कोने हा सण २००८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवला. चित्रपटात त्या रात्री मिगेल मृतांच्या लोकात जाऊन पडतो आणि तिथे त्याला एक्तोर नावाचा फाटका, हसरा, खोटे बोलणारा सांगाडा भेटतो.

त्या लोकातून जिवंतांकडे येण्यासाठी झेंडूच्या पाकळ्यांचा पूल आहे. पुलाच्या तोंडाशी फाटक आहे आणि तिथे आजच्या विमानतळावर असतात तसे तपासणी करणारे अधिकारी बसलेले आहेत. आलेल्या मृताचा फोटो कुणाच्या तरी ओफ्रेंदावर लावलेला आहे का, हे यंत्र तपासते. असेल तर जा. नसेल तर परत. एक्तोरचा फोटो कुठेच लावलेला नाही. त्यामुळे तो दर वर्षी परत पाठवला जातो.

या नियमाच्या मागे दुसरा, अधिक कठोर नियम आहे. जिवंतांपैकी शेवटचा माणूसही ज्याला विसरला, तो मृतांच्या लोकातूनही नाहीसा होतो. चिचारोन नावाच्या एका म्हाताऱ्याच्या बाबतीत हे आपल्या डोळ्यांसमोर घडते. तो एक्तोरला एक गाणे म्हणायला सांगतो, गाणे संपते आणि तो विरून जातो. मला चित्रपटातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. तिथे फोटो नाही, मांडण नाही, नातेवाईक नाहीत. फक्त एक ओळखीचा माणूस आहे आणि त्याचे गाणे आहे.

आपले पितर

मराठी वाचकाला यातले बरेच घरचे वाटेल. झेंडू तर शब्दशः दोघांचा आहे. दसरा-दिवाळीला आपण ज्याचे तोरण लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या काळात तो इकडे आला असे मानले जाते. तिकडे तो मृतांना वाट दाखवतो, इकडे तो देवाच्या आणि दाराच्या कामी आला.

पितृपक्षात आपण पितरांना जेवू घालतो, कावळ्याला घास ठेवतो, सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी माहीत नाही त्यांनाही आठवतो. पण श्राद्धाचे एक गणित आहे आणि ते 'कोको'च्या कथेला लावून पाहण्यासारखे आहे. श्राद्धात पिंड तिघांना : वडील, आजोबा, पणजोबा. त्यांच्या पलीकडच्यांना हाताला लागलेले अन्नशेष तेवढे मिळते, त्यांना लेपभागी म्हणतात. म्हणजे जिथपर्यंत माणसाची आठवण साधारणपणे पोचते, तिथपर्यंतच शास्त्राने नाव घेऊन पिंड द्यायला सांगितले. मिगेलच्या बाजूने मोजले तर एक्तोर हा त्याचा खापरपणजोबा ठरतो. तो पिंडाच्या रांगेबाहेर पडला. शिवाय तो वडिलांच्या आईच्या आईचा बाप. आपल्या वंशावळीच्या रीतीने पाहिले तर त्याला त्या कागदावर जागाच नाही, कारण मधल्या दोन्ही पिढ्या बायकांच्या आहेत.

महालयाच्या श्राद्धात मात्र हे कुंपण सैल होते. तिथे आईकडचे, सासरचे, गुरू, मित्र अशा अनेकांची नावे घेता येतात. धर्मशास्त्रालाही ठाऊक होते की माणसे केवळ बापाच्या ओळीतून लक्षात राहत नाहीत. 'कोको'चे नाव 'मिगेल' किंवा 'एक्तोर' नसून 'कोको' आहे, याचे कारणही हेच. वडिलांची आठवण जपून ठेवणारी शेवटची व्यक्ती ती लेक आहे.

नाशिक जिल्ह्यात पितरांची आणखी एक परंपरा आहे. धुळवडीच्या दिवशी जुन्या नाशकात वीरांची मिरवणूक निघते. दाजीबा वीर हा त्यातला सर्वांत मानाचा. पण त्याच्याबरोबर कित्येक घरांतले आपापले वीर निघतात. घरातला कोणी अकाली गेला, लढाईत गेला, तर त्याचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवायचा आणि या दिवशी तो वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्याला स्नान घालायचे, अशी ही रीत. टाक म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. त्यावरचा चेहरा त्या माणसाचा नसतो. घोडा, तलवार, ढाल हे ठरावीक. ओळख चेहऱ्याने पटत नाही, ती घराने पटते. हा टाक आमचा, एवढे त्या घराला माहीत असते. छायाचित्र येण्याआधी पितरांना जपण्याची आपली रीत अशी होती आणि ती एक्तोरच्या फाटकावर चालली नसती.

थाळीचा सूर

सुरगाणा हे नाशिकच्या वायव्येकडचे टोक. एके काळचे छोटे संस्थान, १९४८ साली विलीन झालेले. नार आणि पार या पश्चिमवाहिनी नद्यांचा हा मुलूख, पलीकडे गुजरातचे डांग आणि वलसाड जिल्हे. तालुक्याची नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती आदिवासी : कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल. पीक नागली, वरई, भात, अलीकडे बोरगावच्या बाजूला स्ट्रॉबेरी. पाऊस संपला, कापणी-मळणी झाली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे कामाला जातात.

इथले सणवार वाद्यांवरून ओळखता येतात. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचे व्रत असते तेव्हा पावरी वाजते. वाळलेल्या दुधी भोपळ्याची आणि शिंगाची ही वाद्ये, मोरपिसांनी सजवलेली. वारल्यांकडे तारपा. बोहाड्याला मुखवटे घालून सोंगे नाचतात तेव्हा संबळ आणि सनई. आणि माणूस मेल्यानंतर त्याचे दिवस घालतात त्या रात्री वाजते काशाची थाळी.

थाळीची रचना साधी आहे. काशाची थाळी जमिनीवर ठेवायची, मधोमध मेणाचा गोळा चिकटवायचा आणि त्यात एक बारीक, सरळ, गुळगुळीत काडी उभी रोवायची. वाजवणारा दोन्ही हातांच्या बोटांच्या चिमटीत काडी धरून वरून खाली ओढतो. एक हात खाली पोचतो तोवर दुसरा वर गेलेला असतो. या घर्षणाने काडी थरथरते, मेणातून ती थरथर थाळीत उतरते आणि थाळी घुमू लागते. यात आघात नाही, ताल नाही. भुंग्यासारखा एकसलग सूर आहे आणि बोटे चालू असेपर्यंतच तो असतो. बोट थांबले की सूर थांबला. त्या सुरावर कथा गायली जाते आणि ती रात्रभर चालते. गुजरातेत साबरकांठ्याच्या कथोडींमध्येही हेच वाद्य आहे. तिथे ते थाळीसर म्हणून ओळखले जाते आणि मृताच्या विधीत त्याच्यावर कथन होते.

काय गातात? कोकणांच्या थाळीवरच्या कथांत धरतरीची, म्हणजे धरणीची कथा आहे, कनसरीची आहे, डोंगरदेवाची आहे, रामाचीही आहे. कनसरी म्हणजे धान्यदेवता. कोकणा आणि वारली या दोन्ही समाजांत तिला मोठे स्थान आहे. डाह्याभाई वाढू या गुजरातेतील कोकणा अभ्यासकाने या कथा त्यांच्या बोलीतून संकलित केल्या. त्यामुळे सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर एकच कथापरंपरा नांदते हे वाचकांना कळले. राज्यांची सीमा कथेला माहीत नाही.

उंबरठाणकडच्या एका पाड्यावर अशी एक रात्र मी पूर्ण ऐकली आहे. तेव्हा मला जाणवले ते असे. मृताच्या घरी मृताबद्दल बोलण्याआधी गाणारा बाबा कितीतरी वेळ जमिनीबद्दल, पाण्याबद्दल, धान्याबद्दल गात होता. माणसाचे नाव फार उशिरा आले. आले तेही एकटे आले नाही, त्याच्या आधी गेलेल्यांच्या नावांबरोबर आले. सकाळी मी बाबांना याचे कारण विचारले. त्यांचे म्हणणे असे की जाणाऱ्याला जिथे जायचे ती वाट जगाच्या सुरुवातीपासूनच सांगावी लागते, अर्ध्यातून सांगितली तर तो चुकेल. आणि आधीच्यांची नावे घेतली नाहीत तर त्याला तिकडे ओळखणार कोण?

'कोको'च्या फाटकाशी याची तुलना करून पाहावी. तिथे मृताला जिवंतांकडे यायचे आहे, म्हणून जिवंतांनी त्याची ओळख पटवायची. इथे मृताला मृतांकडे जायचे आहे आणि त्याची ओळख तिकडच्यांना पटवून द्यायची आहे. साधन तिथे फोटो, इथे नाव. फोटो एकदा लावला की लावणारा झोपी गेला तरी चालते. नाव मात्र कोणी तरी उच्चारावे लागते, आणि तेही योग्य क्रमाने. म्हणून फोटो हरवला तर एक माणूस हरवतो. नावांची ओळ गाणारा गेला तर त्याच्याबरोबर बरीच माणसे जातात.

तरीही या मुलखाने दृश्य खूण अगदीच टाकून दिलेली नाही. दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागांत मृतांसाठी लाकडाचे आणि दगडाचे कोरीव स्मृतिस्तंभ उभारतात. त्यांचा अभ्यास एबरहार्ड फिशर आणि हकू शाह यांनी 'वेत्र ने खांभा' या पुस्तकात केला. ते १९७३ साली गुजरात विद्यापीठाने काढले. महाराष्ट्रातल्या वीरगळांवर गुंथर सोन्थायमर यांनी लिहिले आणि एस. सेट्टर यांच्यासह १९८२ मध्ये स्मृतिशिळांवरचा मोठा ग्रंथ संपादित केला. या दगडांवरही घोडेस्वार, चंद्र, सूर्य असे ठरावीक आकार भेटतात. दगड जागा सांगतो, नाव सांगत नाही. ते सांगायला पुन्हा माणूसच लागतो.

गाणे कोणाचे

'कोको'तला खरा गुन्हा विसरण्याचा नाही, चोरीचा आहे. एर्नेस्तो दे ला क्रूझ हा मेक्सिकोचा लाडका गायक. त्याची सारी प्रसिद्ध गाणी एक्तोरने रचलेली निघतात. गाणी घेण्यासाठी एर्नेस्तोने मित्राचा जीव घेतलेला असतो. त्यातले सर्वांत लोकप्रिय गाणे, ज्याला ऑस्कर मिळाले ते, आपण आधी रंगमंचावर दिव्यांच्या झगमगाटात ऐकतो. नंतर कळते की ते बापाने आपल्या लहानग्या लेकीला झोपवताना म्हणायला केले होते. शब्द तेच, चाल तीच. जागा बदलली आणि अर्थ बदलला.

गंमत अशी की चित्रपटाच्या घडणीतच अशा चोरीची एक शक्यता होऊन गेली होती. २०१३ मध्ये डिस्ने कंपनीने 'मृतांचा दिवस' या सणाच्या स्पॅनिश नावावरच व्यापारचिन्ह मिळवण्यासाठी अर्ज केला. मेक्सिकन-अमेरिकन समाजात संताप उसळला आणि अर्ज मागे घेतला गेला. या प्रकारावर बोचरे व्यंगचित्र काढणारे लालो अल्काराझ यांना पुढे चित्रपटाचे सल्लागार म्हणून बोलावण्यात आले. चित्रपट मेक्सिकोत आपला मानला गेला, त्यात या सल्लामसलतीचा वाटा आहे.

आपण लोकसाहित्याचे अभ्यासक याबाबतीत कुठे उभे आहोत? मराठीत लोकगीते जमवण्याचे काम मोठे झाले आहे. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले. या कामाचे ऋण नाकारता येणार नाही. पण जुने संग्रह उघडावेत आणि गाणाऱ्या बाईचे नाव शोधावे. बहुतेक ठिकाणी ते सापडत नाही. गाणे 'लोकांचे' आहे, मग नाव कशाला, अशी ती धारणा होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे काम केले त्यात ही रीत बदलली. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवताना त्यांनी गाणारीचे नाव आणि गाव जपले. ओवीत बाई आपल्या गेलेल्या आईबापाचे नाव घेते. संग्राहकाने त्या बाईचेच नाव गाळले तर आठवणीची साखळी मधेच तुटली असे होते.

थाळीवरच्या कथेचा प्रश्न ओवीपेक्षाही नाजूक आहे. ती बिदागी देऊन केव्हाही ऐकावी अशी कला नाही. दिवस नसताना ही कथा उगाच लावू नये, असे मला त्या पाड्यावर स्पष्ट सांगण्यात आले. सांस्कृतिक महोत्सवाच्या व्यासपीठावर दहा मिनिटांचा 'थाळीचा कार्यक्रम' बसवणे म्हणजे अंगाईला रंगमंचावर नेण्यासारखे आहे. तसे करायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र ज्यांची थाळी आहे त्यांचा. अभ्यासकाचाही नाही आणि आयोजकाचाही नाही.

पुरावा

पितरांची आठवण हा भावनेचा विषय आहे असे आपण धरून चालतो. सुरगाण्यात तो जमिनीचाही विषय आहे.

'कोको'ला ऑस्कर मिळाले त्याच्या दोनच दिवसांनंतर, ६ मार्च २०१८ रोजी, नाशिकहून शेतकऱ्यांचा पायी मोर्चा निघाला. १२ मार्चला तो मुंबईत पोचला. अखिल भारतीय किसान सभेच्या या मोर्चात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि त्यांत सुरगाण्याच्या माणसांचा भरणा होता. मागण्या अनेक होत्या, त्यांतली जिव्हाळ्याची मागणी वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीची. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही ती मागणी.

हा कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असलेल्या अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना तिच्यावरचा हक्क तो मान्य करतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेच्या आधी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. तीन पिढ्या हा आकडा श्राद्धाच्या पिंडांचा आहे, तसाच तो दिल्लीत झालेल्या कायद्यातलाही आहे. माणसाच्या आठवणीचा पल्ला दोघांनीही सारखाच मोजला, याचे मला नवल वाटते.

याहून महत्त्वाचा आहे २००८ च्या नियमांतला १३ वा नियम. दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील याची त्यात यादी आहे. सरकारी दप्तरे, नकाशे, पावत्या तर आहेतच. पण त्याबरोबर जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळे यांसारख्या खुणा आहेत. जुन्या नोंदींत उल्लेख असलेल्या किंवा गावचे पूर्वीचे रहिवासी म्हणून मान्य झालेल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब आहे. एकापेक्षा अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही नियम सांगतो.

आता हे तिन्ही पुरावे थाळीच्या रात्रीशी जोडून पाहावेत. आमची माणसे कुठे पुरली, कोणत्या झाडाखाली आमचे देव, आजाच्या आधी कोण, त्याच्या आधी कोण आणि हे सारे कोणाला ठाऊक आहे? म्हाताऱ्यांना. ज्या ज्ञानाला आपण लोकसाहित्य म्हणून वाचनालयाच्या कपाटात ठेवतो, त्याच ज्ञानाला कायद्याने पुरावा म्हटले आहे. कागद ज्यांच्याकडे कधीच नव्हते, त्यांच्या आठवणीला कागदाइतकी किंमत देणारा असा कायदा आपल्याकडे क्वचितच झाला.

कायद्यात किंमत असणे आणि टेबलावर किंमत मिळणे यांत अंतर आहे. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाच्या दाव्यावर 'पुरावा अपुरा' असा शेरा पडला. त्यांनी जोडलेला वडीलधाऱ्याचा जबाब कोणी वाचलाच नसावा, असे फाइल पाहून वाटत होते. एक्तोरला फाटकावरून परत पाठवणारे ते यंत्र मला तेव्हा आठवले. त्या यंत्राला फोटो तेवढा समजतो. त्याच्या मागे लेकीने खणात जपून ठेवलेला फोटोचा फाटका तुकडा आणि बापाची पत्रे आहेत, हे त्याच्या गावीही नसते. चित्रपटात अखेर न्याय होतो तो त्या खणामुळे. गाणी एक्तोरची होती हे सिद्ध होते ते कोकोने सांभाळलेल्या पत्रांनी. जिवंत म्हातारी आणि तिचा खण, हीच त्या घराची पुराव्याची फाइल.

या कायद्यात आणखी एक कलम आहे. विवाहितांना मिळणारा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा. वंशावळीतून गळून पडणारे बाईचे नाव निदान या कागदावर येते. पुढच्या पिढीला पणजीचे नाव शोधायचे झाले तर ते या पट्ट्यावर सापडेल.

लिहून ठेवावे ते काय

थाळी वाजवणारे आज कमी होत आहेत. कारणे सगळी उघड आहेत. कथा शिकायला वर्षे लागतात, ती ऐकूनच शिकावी लागते आणि शिकण्याच्या वयातली मुले आश्रमशाळेत किंवा बागांच्या कामावर असतात. दिवस घालायचे तर सुटीची तारीख बघावी लागते. रात्रभराचे गाणे काही घरांत दोन तासांवर आले आहे. हे सर्व अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यावे, असे सांगणारेही गावात येतात. मुलांना शाळेत घालणे किंवा मजुरीला जाणे ही चूक नव्हे. पण या साऱ्याचा एकत्रित परिणाम असा की नावांची ओळ पाठ असणारे थोडे उरले आहेत.

मग ध्वनिमुद्रण करावे का? माझे मत असे की करावे, पण काही अटी पाळून. विचारूनच करावे आणि नकार आला तर तो नकारच समजावा. गाणाऱ्याचे नाव, त्याच्या गुरूचे नाव, गाव, कोणाच्या दिवसाला गायले ते नाव, हे सारे नोंदीत असावे. पहिली प्रत गावात राहावी, ग्रामसभेकडे किंवा घरात. विद्यापीठात जावी ती दुसरी. आणि मुद्रण झाले म्हणजे परंपरा वाचली असे समजू नये. थाळीचा सूर बोट चालेल तोवरच असतो, तसेच ही कथा गाणारा आहे तोवरच विधी आहे. ध्वनिफीत ही फोटोसारखी आहे. ती ओळख पटवील, वाट सांगणार नाही.

त्याच्या आधी, कोणत्याही यंत्राशिवाय, प्रत्येक घराला करता येण्याजोगे एक काम आहे. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून त्याला आठवतील तितकी नावे लिहून घ्यावीत. बापाकडची आणि आईकडचीही. बायकांची नावे माहेरच्या गावासकट. कोण कुठे गेले, कुठे पुरले वा दहन केले, काय करायचे, काय गायचे. सुरगाण्यातल्या घराला या यादीचा उपयोग उद्या दाव्याच्या कागदाला होईल. नाशिक-पुण्यातल्या घराला तसा उपयोग होणार नाही. पण तिथेही चौथ्या पिढीच्या पलीकडचे नाव विचारले की बहुतेकांना थांबावे लागते, आणि ती चौथी पिढी आईकडची असेल तर त्याही आधी.

दिवाळीच्या सुटीत माणसे घरी येतात, म्हातारी माणसे मोकळेपणाने बोलतात. वही आणि पेन एवढेच लागते. सुरुवात पणजीच्या नावापासून करावी, कारण तेच सर्वांत आधी हरवते.